युंगफ्राउयोख की रिगी? सोबत चार वर्षांची नात

प्रश्न: नागपूरहून मे महिन्यात स्वित्झर्लंडला निघतोय. आम्ही दोघं सत्तरीचे, मुलगा-सून अन् नात. मला बीपी आहे. युंगफ्राउयोख, म्हणजे ते बर्फातलं उंच रेल्वे स्टेशन, झेपेल का? नातीचाही स्विस ट्रॅव्हल पास (गाडी, बस, बोटींचा एकत्र पास) काढायचा का?

उत्तर १: काका, युंगफ्राउयोख 3454 मीटरवर आहे, आपलं नागपूर जेमतेम 300 वर. आयगर एक्सप्रेस ही केबलकार अन् पुढची रेल्वेगाडी तासाभरात वर नेते, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. धाप लागते, डोकं ठणकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढूच नका. त्यापेक्षा रिगी कुल्म, म्हणजे रिगी डोंगराचा माथा बघा, 1798 मीटर. ल्युसर्न शहरातून बोटीनं फिट्झनाउ गावी जा, धक्क्याजवळूनच दातेरी रुळांची गाडी. स्विस ट्रॅव्हल पासमध्ये हे सगळं येतं. युंगफ्राउला मात्र वरच्या टप्प्यावर फक्त सवलत.

उत्तर २: सहा वर्षांखाली पास लागत नाही. व्हिसाची फीसुद्धा नाही, पण अर्ज अन् विमा तिचा वेगळाच. विमा किमान 30,000 युरोचा हवा.

उत्तर ३: स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या, नातीला वरण-भात वेळेवर मिळेल. दूध-दही शनिवारीच आणून ठेवा जी. रविवारी बहुतेक दुकानं बंद, मोठ्या स्टेशनातली तेवढी उघडी.