म्युलर पेशी निव्वळ डिंक नव्हेत

दृष्टिपटलातील, म्हणजे डोळ्यातील प्रकाश टिपणाऱ्या थरातील, ग्लिया पेशी (चेतापेशींच्या सोबतीच्या पेशी) म्हणजे चेतापेशींना धरून ठेवणारा डिंक, त्यावर उभी कारकीर्द खर्ची कशाला घालायची, हे काहींचे मत मला पटत नाही. हाइनरिख म्युलर यांनी १८५१ मध्ये वर्णन केलेल्या म्युलर पेशी या अशाच ग्लिया पेशी असून त्या दृष्टिपटलाच्या जवळजवळ पूर्ण जाडीतून आरपार जातात. आणि अनेक वर्षे त्यांच्याच मागे लागलेल्या जर्मनीतील लाइपझिगच्या संशोधक आंद्रेआस रायखेनबाख यांनी सहकाऱ्यांसह २००७ मध्ये दाखवून दिले, की प्रकाशतंतूप्रमाणे (ऑप्टिकल फायबरप्रमाणे) त्या उजेड प्रकाशग्राही पेशींपर्यंत नेतात.

गोव्यात म्हापशाला माझ्या मधुमेही आईचे डोळे तपासले, तेव्हा तपासणी यंत्राच्या पडद्यावर दृष्टिपटलाच्या करड्या थरांत पाण्याचे काळे फुगे दिसले होते. निरोगी डोळ्यात आतल्या थरांतील जादा पाणी बाहेर काढण्याचे काम मुख्यतः याच पेशी करतात, जवळपास आपल्या गोव्याच्या खाजनातील (खाडीकाठच्या बांधबंदिस्त शेतातील) मानशीसारखे, म्हणजे पाणी सोडणाऱ्या झडपेच्या दारासारखे.