मंडळीतली (चर्चमधली) भांडणं: तुमचे अनुभव सांगा

परवा आमच्या पास्टरेट कमिटीच्या (मंडळीचा कारभार बघणारी समिती) सभेत नाताळच्या मांडवाच्या हिशेबावरून दोन वडीलधारे एकमेकांच्या अंगावर धावले. पाचच मिनिटांपूर्वी दोघंही डोळे मिटून 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' म्हणत होते. तुमच्याकडे काय चालतं? लिहा. मंडळीचं किंवा माणसांचं नाव मात्र नको.

नगरची लेक
माझ्या काकांनी साठीत विहिरीत उतरून दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला. लहानपणी शिंपडलेलं पाणी त्यांना आता चालेना. तिथवर ठीक होतं. पण घरी येऊन ते आजीला म्हणाले, "बाई, तुझाही बाप्तिस्मा खरा नाही." आजी चौऱ्याऐंशीची. "रेव्हरंड टिळकांची गाणी गात म्हातारी झाले, आता तू मला ख्रिस्ती करतोस होय रे?" त्या दिवसापासून ती त्याच्या हातचा चहा घेईना. आजीच्या डोळ्यांदेखत काका गेले. तेव्हा 'सभासदत्व सोडलेल्याला आपल्या कबरस्तानात जागा का' म्हणून रात्री सभा बसली. देह घरात बर्फावर. पहाटे पाळकांनी दफनाची चिठ्ठी दिली, पण चर्चची घंटा काही वाजली नाही. आजीला तेच लागलं.

वसईकर
आमच्याकडे धर्मावरून नाही, वेळेवरून. मराठी मिस्सा (कॅथलिक उपासना) सकाळी आठची. नव्या इमारतींतल्या लोकांना तीच वेळ इंग्रजीसाठी हवी. दोन्ही क्वायरचे लोक शांतिचिन्हाच्या वेळी, म्हणजे शेजाऱ्याला शांती द्यायची तेव्हाही, एकमेकांकडे बघत नाहीत. गंमत म्हणजे घरात आम्ही कादोडी ही वसईची बोली बोलतो, आणि तिच्यासाठी गावात कुणीच भांडलं नाही.

जुनी कागदपत्रं
हे काहीच नाही. 1853 मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये रोमच्या बाजूचे बिशप हार्टमन आपल्या लोकांसह दारं लावून आत बसले होते आणि बाहेर पाद्रोआदोवाल्यांचा, म्हणजे पोर्तुगालच्या बाजूच्या लोकांचा, वेढा होता. मुंबईतली चर्चं रोमच्या थेट ताब्यात की पोर्तुगालच्या हक्कात, एवढाच वाद. दोन्हीकडे कॅथलिकच! तो दुहेरी कारभार थेट 1928 मध्ये मिटला.

नागपूरहून
29 नोव्हेंबर 1970 ला इथे सहा पंथ मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा आजोबा हजर होते. अमेरिकन मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले, याची त्यांना मरेपर्यंत चुटपुट होती. एकी झाली आणि मग मिशनची जमीन कोणाची, हा प्रश्न उभा राहिला. आमच्या मंडळीचा दावा माझ्या जन्माआधीचा. अजून तारखा पडतात. दोन्ही बाजूंचे वकील आमच्याच बाकांवर बसतात, एक डावीकडे, एक उजवीकडे.

धागाकर्ता
@नगरची लेक, घंटा वाजवायची कुणी होती?

नगरची लेक
किल्ली ज्याच्याकडे, तो काकांचा सख्खा मेव्हणा. चाळीस वर्षं दोघं मिळून कॅरल पार्टी काढायचे. पेटी काका वाजवायचे, ढोलकी तो.