एलिफंट नोज मासा पाच दिवस उपाशी आहे, कोणतं औषध घालू?

कोथरूडकर:
पाच दिवस झाले, एलिफंट नोजने दाण्याला तोंड लावलेलं नाही. दिवसभर फिल्टरच्या मागे कोपऱ्यात उभा असतो, पोट आत गेलंय. दुकानदार म्हणतो भूक लागली की खाईल. पाणी शनिवारीच बदललं. औषधाचं नाव सांगा, घाई आहे.

मीनाक्षी_ठाणे:
टँक केवढा? सोबत कोण आहे? तळाला वाळू की खडी?

कोथरूडकर:
चार फुटी. बाकी सगळं व्यवस्थित आहे हो ताई, औषध तेवढं सांगा.

राजूदादा:
व्हाइट स्पॉटचं औषध अर्ध्या मात्रेत आणि मूठभर खडेमीठ. माझा ब्लॅक घोस्ट यावरच दोनदा बरा झाला.

मीनाक्षी_ठाणे:
राजूदादा, नका हो सांगू असं. अंगावर ठिपके आहेत असं त्यांनी कुठे लिहिलंय? तांबं असलेली औषधं या माशाला सोसत नाहीत. आणि ब्लॅक घोस्ट दक्षिण अमेरिकेतला. दोघेही वीज सोडतात, पण कुळं वेगळी.
कोथरूडकर, हा नायजर, काँगोसारख्या नद्यांतला, रात्री चरणारा मासा. सोंड दिसते ती नाक नव्हे, हनुवटी आहे. शेपटीच्या बुंध्यातून तो विजेची अगदी क्षीण स्पंदनं सोडतो आणि भोवतीच्या वस्तूंमुळे त्यांत पडणारा फरक कातडीने टिपतो. अंधारात तळ चाचपत अळ्या शोधायच्या, हे त्याचं जेवण. कोरडे दाणे बरेचदा तसेच पडून राहतात. दिवे घालवून अर्ध्या तासाने ब्लडवर्म म्हणजे लाल अळ्या नाहीतर ट्युबिफेक्सचे बारीक कृमी द्या. हवेचा पंप चालू ठेवा, याच्या शरीरातला साधारण 60 टक्के ऑक्सिजन एकटा मेंदू वापरतो.

पराग_नाशिक:
वीज म्हणजे हात घातला तर शॉक बसतो का? घरात लहान मुलं आहेत म्हणून विचारतो.

जुनापाणी:
नाही, हाताला कळतसुद्धा नाही. तुम्ही म्हणता तो इलेक्ट्रिक कॅटफिश, तोही आफ्रिकेतलाच, 300 व्होल्टच्या वर जाऊ शकतो. अशी क्षीण वीज 1951 मध्ये केंब्रिजच्या लिसमन यांनी जिम्नार्कस या आफ्रिकी माशात नोंदवली. एलिफंट नोजच्याच कुळातल्या नाईलमधल्या माशाला प्राचीन इजिप्तमध्ये पूजत. ऑक्सिरिंकस हे शहराचं नाव त्यावरूनच, अर्थ 'टोकदार नाकाचा'. तिथल्या उकिरड्यांत 1896 पासून हजारो पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरची जुनी हस्तलिखितं, सापडले, त्यांत...

राजूदादा:
इतिहास राहू द्या. मिठाने आजवर माझा एकही मासा गेला नाही.

मीनाक्षी_ठाणे:
कोथरूडकर, तळाला काय आहे ते अजून सांगितलं नाहीत. आणि एलिफंट नोज एकच ना?

कोथरूडकर:
दोन आहेत. दुकानदाराने जोडी म्हणून दिली. मोठा या धाकट्याला मातीच्या नळीत शिरू देत नाही, खेळतात असं वाटलं. तळाला पांढरी खडी आहे, जरा टोकदार. आत्ता बॅटरी मारून बघितलं, हनुवटीचं टोक सोलल्यासारखं झालंय.

मीनाक्षी_ठाणे:
मग औषध नकोच. दोन असले की थोरला धाकट्याला सुखाने जगू देत नाही. एकच ठेवा, नाहीतर मोठ्या टँकमध्ये पाच-सहा. धाकट्याला आजच वेगळं काढा. पाणी त्याच टँकचं, तळाला धुतलेली बारीक वाळू, लपायला नळी. त्या खडीवर हनुवटी घासून घासून चरणार कसा तो?

पराग_नाशिक:
आमच्या गोल्डफिशच्या शेपटीला पांढरं आलंय, त्याला मीठ चालेल का?

राजूदादा:
चालेल. कितीचा टँक?

कोथरूडकर (रात्री 1.20):
टबात ठेवलाय, नळीसकट. तासभर बाहेरच आला नाही. मग हनुवटी वाळूत एकदा फिरली, ब्लडवर्मजवळ थांबली आणि त्याने ओढून घेतला. आणखी दोन खाल्ले. ताई, वाळू किती जाड हवी? सकाळी मोठ्या टँकमधली सगळी खडी काढतोय.