मदत हवी आहे: पुढची कातडी मागे जात नाही, मलमाने सुटेल की ऑपरेशनच?

नमस्कार मंडळी. वय २८, इंदूर, रामबागेत राहतो. तुळशीच्या लग्नानंतर माझं लग्न आहे, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

लहानपणापासून लिंगाची पुढची कातडी पूर्ण मागे जात नाही. त्रास नव्हता, म्हणून दुर्लक्ष केलं. वर्षभरापासून मात्र टोकाशी बारीक चिरा पडतात. अंघोळीला साबण लागला की झोंबतं, चीर भरते आणि पुन्हा तिथेच फाटते. नीट उजेडात बघितलं तर शिवणीच्या दोऱ्याएवढं पांढरट, कडक कडं दिसतं.

आधी भिंतीवर जाहिरात वाचून एका क्लिनिकमध्ये गेलो, ती चूक झाली. नीट तपासलंही नाही, 'आजच कापून घ्या' म्हणून थेट पैशांचं बोलणं. मी उठून आलो. मग पलासियाकडच्या एका युरोलॉजिस्टना दाखवलं. त्यांनी आधी साखर तपासायला लावली, कारण मोठ्या वयात कातडी घट्ट होण्यामागे मधुमेह असू शकतो. बाबांना मधुमेह आहे, त्यामुळे रिपोर्ट येईपर्यंत झोप नव्हती. नॉर्मल आला.

कातडी अशी मागे न जाण्याला फायमोसिस म्हणतात. लहान मुलांत ते नैसर्गिक असतं, वयात येईपर्यंत बहुतेकांचं आपोआप सुटतं, थोड्यांचं राहतं. मला बीटामेथासोनचं ०.०५ टक्क्यांचं मलम दिलंय: दिवसातून दोनदा, घट्ट भागावर पातळ थर, सहा आठवडे. सोबत कोमट पाण्याच्या अंघोळीनंतर कातडी हळूहळू ताणायची, दुखायला लागलं की थांबायचं. जोर लावून मागे नेली आणि तिथेच अडकली तर टोक सुजतं, रक्तपुरवठा अडतो. तसं झालं तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीत जायचं, हे त्यांनी दोनदा बजावलं.

आज तीन आठवडे झाले. चिरा भरल्या, कातडी आधीपेक्षा सैल आहे. पांढरं कडं मात्र तसंच. हा लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचारोग असेल तर मलमाने भागेलच असं नाही, सुंता करावी लागेल आणि काढलेली कातडी तपासणीला पाठवावी लागेल, असं डॉक्टर म्हणतात.

ज्यांना असं कडं होतं त्यांचं मलमाने सुटलं का? ऑपरेशन केलं तर पुढे चार ते सहा आठवडे संबंध टाळायला सांगतात, म्हणजे मला लवकर ठरवायला हवं. कातडी न काढता फक्त घट्ट भाग सैल करायची शस्त्रक्रियाही असते, ती कोणी केली असेल तर जरूर लिहा.

आणखी एक. होणाऱ्या बायकोला सांगायचं ठरवलंय, रविवारी भेटतोय. डॉक्टरांशी सगळं हिंदीत बोललो. घरी या विषयावर कधी कोणी अवाक्षर काढलं नाही, त्यामुळे मराठीत कुठून सुरुवात करू तेच कळत नाही. ज्यांनी सांगितलंय त्यांनी पहिलं वाक्य काय बोललात, तेवढं तरी लिहा.