फोंड्यातल्या आमच्या सोसायटीचा ग्रुप: चोरीला गेलेल्या बाईकचा क्लेम करायचा की नाही?

अ-१०४: सर्वांना नमस्कार. काल रात्री माझी बाईक बिल्डिंगखालून चोरीला गेली. वेर्ण्याहून सेकंड शिफ्ट करून आलो, हँडल लॉक करून नेहमीच्या जागी लावली होती. सकाळी जागा रिकामी. ११२ वर फोन केला, गस्तीची गाडी येऊन बघून गेली. काळी १२५ सीसी, जीए-०५, टाकीवर उजवीकडे लांब ओरखडा आहे. कुणाला कुठे दिसली तर लगेच फोन करा. अजून एक विचारायचं आहे. विम्याचा क्लेम करावा का? घरात दोन मतं आहेत.

अ-३०३: अरे देवा! काल रात्री साडेअकराला मी गॅलरीतून पाहिली होती रे, तिथेच होती.

सेक्रेटरी: फार वाईट झालं. गेटच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मी आत्ताच बाजूला काढून ठेवतो. डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं मशीन) भरला की जुनं आपोआप पुसलं जातं.

क-१०२: बाबा, माझं ऐकशील तर महिनाभर थांब. क्लेम केलास की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, गेला म्हणून समज. तीन वर्षं जपलेला बोनस आहे तो. वर पोलीस स्टेशन, कोर्ट, पणजीला विमा ऑफिसच्या खेपा. एवढं करून जुन्या गाडीचे मिळणार किती? पोरंटोरं फिरवायला नेतात आणि पेट्रोल संपलं की कुठेतरी टाकून देतात. सापडेल.

अ-१०४: माझ्या बाबांचंही हेच म्हणणं आहे, मामा. आई म्हणते क्लेम कर.

ब-२०१: मी मोटर क्लेमच्या कामात आयुष्य काढलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कृपया नीट वाच.

महिनाभर थांबणं ही सगळ्यात मोठी चूक होईल. कंपनीला चोरी कळवणं आणि कंपनीकडून पैसे घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज कळवलंस आणि पुढच्या आठवड्यात गाडी सापडली, तर गाडी सापडली असं लिहून द्यायचं. चोरीचा क्लेम तिथेच थांबतो. मोडतोड झाली असेल तर तेवढ्या दुरुस्तीचा मागता येतो. आज न कळवता महिन्याने गेलास, तर इतके दिवस काय करत होतात हा पहिला प्रश्न येईल, आणि त्याला तुझ्याकडे चांगलं उत्तर नसेल.

एफआयआर तर फक्त क्लेमपुरती नाही. क्लेम केला नाहीस तरी ती आजच हवी. आरसीवर नाव तुझं आहे. तुझ्या गाडीवरून उद्या कुणी सोनसाखळी ओढली किंवा मोले चेकपोस्टच्या पलीकडे कर्नाटकात कुणाला उडवलं, तर पोलीस पहिल्यांदा तुझ्या दारात येतील. गाडी त्याआधीच चोरीला गेली होती हे दाखवायला एफआयआरसारखा दुसरा कागद नाही.

अ-१०४: काका, मग बोनसचं काय? एजंटने प्रत्येक वेळी सांगितलं होतं की छोट्यामोठ्या गोष्टींसाठी क्लेम करू नकोस.

ब-२०१: आरसा फुटला, मडगार्ड वाकलं, तेव्हा तो सल्ला अगदी बरोबर. चोरीला तो लावायचा नाही. पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो मला वेगळा पाठव. ग्रुपवर टाकू नकोस, त्यावर इंजिन आणि चासी नंबर असतात.

ब-२०१: पाहिली. पॉलिसी चालू आहे, पॅकेज आहे, चोरी त्यात येते. आता हिशोब मांडतो, मामांनीही बघावा.

गाडीची आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, ६०,००० रुपये आहे. पॉलिसी घेतानाच्या शोरूम किमतीतून घसारा वजा जाऊन उरलेली ही किंमत. तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के घसारा धरतात, म्हणून एक लाखाचे साठ हजार झाले. दुरुस्तीच्या क्लेममध्ये प्लास्टिक, रबर म्हणून जशी वेगळी कपात होते तशी चोरीत होत नाही. पूर्ण नुकसान धरतात, आयडीव्ही देतात आणि त्यातून दुचाकीची सक्तीची वजावट जाते. तुझ्या पॉलिसीवर ती १०० रुपये आहे.

आता बोनस. हा बोनस पूर्ण प्रीमियमवर मिळतच नाही, फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, भागावर मिळतो. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरण्याचा, प्रीमियम सरकारने ठरवलेला असतो, त्यात एक पैसा सुटत नाही. आपल्याकडे दीडशे सीसीपर्यंतच्या, पाच वर्षांच्या आतल्या दुचाकीचा ओन डॅमेजचा मूळ टॅरिफ दर १.६७६ टक्के. साठ हजारांवर झाले सुमारे १,००६ रुपये. तुझा बोनस ३५ टक्के, म्हणजे वर्षाला वाचले ३५२. उद्या १,२०,००० ची नवी गाडी घेतलीस आणि सगळ्यात वरचा ५० टक्के बोनस धरला, तरी पहिल्या वर्षी वाचणार साडेनऊशेच्या आसपास, आणि गाडीची किंमत उतरते तसा तो आकडाही उतरत जाणार. कंपन्या आता मूळ दरावर स्वतःची सूट देतात, म्हणजे प्रत्यक्षात वाचतं ते याहूनही कमी. वर त्यावरचा जीएसटी धरा. एवढ्यासाठी साठ हजार सोडायचे का?

क-१०२: हे मला माहीत नव्हतं. मी समजत होतो पुऱ्या प्रीमियमच्या निम्मे वाचतात.

ब-२०१: बहुतेकांचा तसाच समज आहे मामा. कारला ओन डॅमेजची रक्कम मोठी असते, तिथे बोनस खरोखर जपावा. तोच नियम लोक दुचाकीला लावतात आणि हातचे पैसे जाऊ देतात. मला याचं नेहमी वाईट वाटत आलं आहे. ज्यांची रोजी त्या गाडीवर चालते तेच जास्त घाबरतात.

ब-४०२: मी कोर्टाच्या बाजूचं सांगते. दादा, पोलीस स्टेशनला जाताना आरसी आणि पॉलिसीची प्रत ने. चोरीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२) लागेल. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नकोस. नुसत्या अर्जावर शिक्का मारून घेऊन परत येऊ नकोस, विमा कंपनीला तो चालत नाही. तपास कुठपर्यंत आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवायचं असतं, हे आता कायद्यातच आहे. गाडी मिळाली नाही तर ते तसा अंतिम अहवाल कोर्टात पाठवतात. कंपनीला तोच अहवाल लागतो. म्हणजे तीनेक महिने धरून चाल, थोडं पुढेमागे होईल. कोर्टात तुला रोज उभं राहायचं नाही, मामा म्हणतात तेवढा त्रास नाही.

अ-३०३: आणि कंपनीला कळवायला उशीर झाला असता तर? माझ्या बहिणीला डिचोलीत तेच कारण सांगून नाकारला होता.

ब-४०२: सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट सांगितलं आहे ताई. एफआयआर लगेच केली असेल, तर फक्त कंपनीला उशिरा कळवलं म्हणून खरा चोरीचा क्लेम नाकारता येत नाही. बहिणीने वेळेत तक्रार केली होती का, ते बघावं लागेल. कागद घेऊन या.

ब-२०१: निकाल आपल्या बाजूचा आहे. पण निकाल वापरायची वेळच येऊ नये म्हणून आजच टोल फ्री नंबरवर फोन कर. क्लेम नंबर लिहून घे आणि त्याच दिवशी ईमेलही कर. फोनवर काय बोललो ते उद्या सिद्ध करता येत नाही, ईमेल करता येतो.

अ-१०४: काका, एक अडचण आहे. दोन चाव्यांतली एक सापडत नाही. बहुतेक गावी पेडण्याला राहिली किंवा शिफ्टच्या बसमध्ये पडली. कंपनी दोन्ही मागते ना?

क-१०२: बाजारात चावीवाला अर्ध्या तासात करून देतो.

ब-३०१: नाहीतर सरळ सांग दुसरी चावी डिकीत होती, गाडीबरोबर गेली. किंवा गाडी

ब-३०१: हा मेसेज डिलीट केला आहे.

ब-२०१: डिलीट केलात ते बरं केलंत. पण सगळ्यांनी वाचला आहे, म्हणून बोलतो. असं अजिबात करू नका. नवी घासलेली चावी आणि तीन वर्षं खिशात फिरलेली चावी यांतला फरक तपासणाऱ्याला दिसतो. दुसरी चावी डिकीत होती असं म्हटलं, तर मालकानेच निष्काळजीपणा केला असं स्वतःच्या हाताने लिहून दिल्यासारखं आहे. आणि मुख्य म्हणजे ते खोटं आहे. चोरी खरी असताना एका खोट्या ओळीने सगळा क्लेम संशयात जातो. मग खरं बोललेलंही कुणी मानत नाही.

आधी पेडण्याला फोन करून घरात शोधायला सांग. नाहीच मिळाली तर चावी हरवल्याची वेगळी तक्रार दे आणि कंपनीला पहिल्याच पत्रात तसं कळव. एक चावी आहे, दुसरी अमुक महिन्यापासून सापडत नाही, एवढंच. कंपनी प्रश्न विचारील, इन्व्हेस्टिगेटर घरी येईल. येऊ दे. एफआयआरमध्ये जे सांगितलंस तेच त्यालाही सांग. चावी नाही एवढ्यावरून चोरी खोटी ठरत नाही.

ब-४०२: काका म्हणतात ते बरोबर. गाडीला चावी राहिली आणि चोरी झाली, अशा प्रकरणातसुद्धा सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये ७५ टक्के रक्कम द्यायला लावली होती. त्यामुळे खरं सांगायला घाबरू नका. पण पहाटे पोदेराकडे पाव घ्यायला जाताना स्कूटर चालू ठेवून जाणारे आपल्याकडे खूप आहेत, त्यांनी ते पंचवीस टक्के लक्षात ठेवावेत.

अ-१०४: ठीक आहे. खरं तेच लिहितो. लोन अजून आहे, थोडे हप्ते बाकी आहेत. ते थांबवू का?

ब-२०१: थांबवू नकोस. गाडी गेली तरी कर्ज तुझंच आहे, हप्ता चुकला की सिबिल खराब होईल. आरसीवर फायनान्सवाल्याचं नाव आहे, म्हणून क्लेमचे पैसे आधी त्यांच्याकडे जातील, बाकी वळते होऊन उरलेले तुला. त्यांना आजच चोरी कळव आणि बाकी किती ते लेखी माग. आरटीओलाही एफआयआरची प्रत जोडून पत्र दे, म्हणजे गाडीच्या नोंदीवर चोरीचा शेरा पडेल आणि परस्पर ट्रान्सफर होणार नाही. गाडी कंपनीच्या नावावर करायच्या फॉर्म २८, २९, ३० वर सह्या लागतील, कर्ज मिटल्यावर आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा ३५, स्टॅम्पपेपरवर हमीपत्र आणि हक्क कंपनीकडे सोपवल्याचं पत्र. त्या पत्राचा अर्थ नीट समजून सही कर. पैसे घेतल्यानंतर गाडी सापडली तर ती कंपनीची. मग ओढ वाटली तरी आपली नाही.

क-१०२: माझ्या म्हापशाच्या भाच्याची बाईक अशीच गेली होती, त्याला एक पैसा मिळाला नाही. म्हणून मी घाबरलो होतो रे.

ब-२०१: का नाकारला होता मामा?

क-१०२: सीझनमध्ये कळंगुटला टुरिस्टांना भाड्याने द्यायचा. पांढऱ्या पाटीची गाडी.

ब-२०१: मग नाकारणारच. प्रायव्हेट वापराच्या पॉलिसीवर गाडी भाड्याने दिली की अट मोडली. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या रेंट-अ-बाईकची पॉलिसी वेगळी, प्रीमियम वेगळा. आपल्या किनाऱ्यावर हे सर्रास चालतं आणि गाडी गेली की मालक रडतो. अ-१०४ चं प्रकरण तसं नाही, त्याची गाडी फक्त वेर्णा आणि घर एवढीच फिरते.

अ-३०३: काका, माझी स्कूटर २०२२ ची आहे. शोरूममध्ये पाच वर्षांचा विमा आहे म्हणून सांगितलं होतं. तो चोरीला चालतो ना?

ब-२०१: वहिनी, कागद काढून बघा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांची थर्ड पार्टी सक्तीची आहे. बऱ्याच शोरूममध्ये ओन डॅमेज मात्र पहिल्या एका वर्षाचीच देतात. दोन तारखा वेगवेगळ्या छापलेल्या असतात.

अ-३०३: बघितलं. ओन डॅमेजपुढे २०२३ ची तारीख आहे. थर्ड पार्टी २०२७.

ब-२०१: म्हणजे आज तुमची स्कूटर चोरीला गेली तर काहीही मिळणार नाही. पोलिसांनी अडवलं की कागद पूर्ण दिसतात, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. नुसती ओन डॅमेज वेगळी घेता येते. मधे खंड पडला आहे, म्हणून गाडीचे फोटो किंवा तपासणी मागतील. या आठवड्यातच करून घ्या. सगळ्यांनीच आपापल्या दुचाकीचं हे पान उघडून बघा, मला खात्री आहे वहिनी एकट्या नाहीत.

ब-३०१: माझीही २०२४ ला संपली आहे. मघाच्या मेसेजबद्दल क्षमस्व. उद्या तुमच्याकडे येतो.

ब-२०१: जरूर या.

अ-१०४: काका, समजा सगळं खरं देऊनही कंपनीने अडवलं तर?

ब-२०१: आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी. तिथे काम झालं नाही तर विमा नियामक इर्डाचं बीमा भरोसा पोर्टल, फोन १५५२५५. त्यानंतर विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही. मी अर्ज लिहून देईन. आत्ता त्याचा विचार नको, आधी पोलीस स्टेशन गाठ.

सेक्रेटरी: रेकॉर्डिंग मिळालं. पहाटे २.५० ला दोघे जण गाडी ढकलत गेटबाहेर नेताना दिसतात. चेहरे स्पष्ट नाहीत. पेनड्राइव्हवर घेतलं आहे, डीव्हीआर तसाच बंद करून ठेवला आहे.

ब-४०२: डीव्हीआरला आता कुणी हात लावू नका. पोलीस मागतील तेव्हा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे रेकॉर्डिंग खरं असल्याचं, प्रमाणपत्र द्यावं लागेल, ते मी तयार करून देते.

क-१०२: मी गाडी काढतो. बाबा, खाली ये, तुला पोलीस स्टेशनला मीच नेतो.

अ-१०४: एफआयआर झाली, प्रत मिळाली. मामा पूर्ण वेळ बसून होते. कंपनीला फोन आणि ईमेल दोन्ही केलं, क्लेम नंबर आला. चावीचं त्यात लिहिलं आहे. पेडण्याला काकी कपाट शोधते आहे. सगळ्यांना देव बरें करूं.

ब-२०१: छान. फायनान्सला पत्र आज जाऊ दे, आरटीओचं उद्या सकाळी. मसुदा पाठवतो.