कडूपणाचा दोष यंत्राचा नाही
"एरोप्रेसची कॉफी कडूच लागते," अशी एकाची तक्रार आहे. एरोप्रेस म्हणजे दट्ट्या दाबून कॉफी गाळायचं छोटं हातयंत्र. उकळतं पाणी थेट ओतताय का? हे यंत्र २००५ साली बाजारात आणणारे ॲलन ॲडलर स्वतः ८० अंशांच्या आसपासचं पाणी सुचवतात. मी १५ ग्रॅम पूड घेतो, बारीक मिठाइतकी दळलेली. पाणी ओतून दहा सेकंद ढवळायचं, मिनिटभर थांबायचं आणि दट्ट्या सावकाश दाबायचा. फुस्स आवाज आला की हात थांबवा. शेवटचे थेंब पिळायचा मोह नको, कडूपणा तिथेही असतो. दाबताना अंगातला सगळा जोर लागत असेल तर पूड फारच बारीक झालीय. धुणं मात्र काहीच नाही, चोथ्याची घट्ट चकती टपकन डब्यात पडते. प्रवासात मला त्याचंच जास्त कौतुक!