मदत हवी आहे: युरोपातल्या खेकडा मासेमारीची देशवार किंमत कशी मांडू?

नमस्कार मंडळी. प्रकल्पासाठी मी युरोपातल्या खेकडा मासेमारीच्या उत्पन्नाची देशवार तुलना करतेय आणि एका जागी पार अडकलेय.

तपकिरी खेकड्याचंच घ्या. ब्रिटन आणि आयर्लंडचे मच्छीमार तो पिंजरे टाकून पकडतात, पण बराच माल खपतो फ्रान्स, स्पेन आणि पोर्तुगालमध्ये. समुद्राच्या पाण्याच्या टाक्या बसवलेल्या ट्रकमधून तो जिवंत जातो. मग किंमत मांडायची कुणाच्या नावावर? बोटीच्या झेंड्यावरून, माल उतरतो त्या बंदरावरून, की निर्यातीवरून? निर्यात धरली तर वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफाही त्यात मिसळतो, मच्छीमाराच्या हातात काय पडलं ते कळतच नाही. मला तर नेमकं तेच हवंय.

नॉर्वेचं प्रकरण निराळं. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात बॅरेंट्स समुद्रात सोडलेला रेड किंग क्रॅब तिथवर पसरला. २६ अंश पूर्व रेखांशाच्या पूर्वेला त्याला कोटा आहे, पश्चिमेला मात्र तो पसरू नये म्हणून पकडायला मोकळीक. इटलीत पो नदीच्या मुखाशी निळ्या खेकड्याने शिंपल्यांची शेती फस्त केलीय. तो विकला जातो खरा, पण नुकसान वजा न करता त्याला उत्पन्न म्हणणं मला पटत नाही.

युरोस्टॅट (युरोपीय संघाचं सांख्यिकी कार्यालय) किंवा युमोफा (संघाची मासळी बाजारावर नजर ठेवणारी यंत्रणा) यांचे आकडे कुणी वापरलेत का? ब्रिटन संघातून बाहेर पडल्यानंतरची वर्षं आधीच्या वर्षांशी कशी जोडलीत? आणि पहिल्या विक्रीचा, म्हणजे मच्छीमाराला मिळणारा दर लहान-मोठ्या बोटींनुसार वेगळा कुठे मिळत असेल, तर कृपया सांगा.